जुनी फोरेस्टर गरम झाल्यावर वळताना अडते, गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उतरवा. सल्ला हवा

मुलुंडकर

गाडी: शेवरोले फोरेस्टर, २००५, दोन लिटर पेट्रोल, पाच गिअर मॅन्युअल. बिल्ला शेवरोलेचा असला तरी खाली सगळं सुबारूचं, म्हणून सुबारूचं काम माहीत असलेल्यांनी सांगावं.

सकाळी थंड गाडीला काहीच नाही. ईस्टर्न एक्स्प्रेसवरून फोर्टला पोचून पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवलं की हँडब्रेक ओढलेला असावा तशी अडते. क्लच सोडल्यावर धक्के खात सरकते, टायर घासल्याचा आवाज येतो. सरळ चालवली की ठीक. शिवाय पन्नासच्या पुढे मागून घूंऽऽ असा आवाज, वेगाबरोबर वाढणारा.

गिअरबॉक्सचं ऑइल आधीच्या मालकाने कधी बदललं याचा कागद नाही. पुढचे दोन टायर नवे, मागचे जुने. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उतरवून बघू. खरंच उतरवावा लागेल का?

चौचाकी_दादर

नाही. आधी टायर मोजा, मग बाकीचं.

या गाडीत चारही चाकं कायम चालतात, टू-व्हील करायचा लिव्हर नाही. इंजिन लांबीच्या दिशेने बसलेलं, त्यामागे गिअरबॉक्स, पुढचा डिफरन्शियल (वळताना डावं-उजवं चाक वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच) गिअरबॉक्सच्याच कवचात. गिअरबॉक्सच्या शेपटीत सेंटर डिफरन्शियल असतो. तो ताकद पुढे-मागे निम्मी निम्मी वाटतो आणि वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. त्याला जोडून व्हिस्कस कपलिंग असतं: बंद डबा, आत भोकं पाडलेल्या चकत्या आणि घट्ट सिलिकॉन द्रव. पुढच्या-मागच्या शाफ्टच्या गतीत फरक पडला की द्रव गरम होतो आणि चकत्यांना एकमेकींबरोबर ओढतो. चिखलात हे हवंच असतं. कोरड्या डांबरावर सतत झालं की डबा कायम तापलेला राहतो, आणि काही काळाने आतला द्रव बिघडून तो गरम असताना मोकळा होतच नाही. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे, थंड असताना बरी आणि गरम झाली की बांधली जाते.

आता टायरचा हिशोब. सुबारूची मर्यादा अशी की चार टायरांच्या घेरातला फरक पाव इंचाच्या, म्हणजे साधारण ६ मिमीच्या आत हवा. घेर म्हणजे त्रिज्येच्या सव्वासहा पट, तेव्हा ही मर्यादा नक्षीच्या खोलीत जेमतेम १ मिमी होते. नव्या टायरची नक्षी ८ मिमी आणि जुन्याची ४ धरली तर घेरात २५ मिमीचा फरक. सुमारे २ मीटर घेराच्या टायरला किलोमीटरमागे जवळजवळ सहा फेऱ्यांचा फरक, आणि फायनल ड्राइव्हच्या (चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या किती फेऱ्या, त्या गुणोत्तराच्या) चार-साडेचार पटीने तो शाफ्टवर पंचवीसेक फेऱ्यांचा होतो. अगदी सरळ रस्त्यावरही. मुलुंड ते फोर्ट तो डबा भट्टीवरच असतो.

ग्रीसगन

मोजायची पद्धत: चारही टायरांत हवा सारखी करा, गाडी जॅकवर घ्या आणि कापडी टेप नक्षीच्या मध्यावरून टायरभोवती फिरवा. खोलीमापक असेल तर प्रत्येक टायरला तीन खाचांत मोजा, कारण कडा जास्त झिजलेल्या असतात. स्टेपनीही मोजा. खड्ड्यात टायर फुटला आणि न वापरलेली स्टेपनी लावून महिनाभर फिरलं तरी हाच त्रास होतो. मॅन्युअल गाडीत स्टेपनी फक्त पंक्चरवाल्यापर्यंत.

मग कपलिंगची घरगुती चाचणी. थंड गाडीवर एकदा आणि तासभर चालवल्यावर लगेच एकदा. सपाट जागा, मागच्या चाकांना ओट, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. पुढचं एकच चाक उचला. व्हील स्पॅनर नटाला लावून नट आवळला जातो त्याच दिशेने बेताने दाब द्या, उलट दिला तर नटच सुटेल.

चाक जडपणे पण संथ फिरत राहिलं तर कपलिंग ठीक. हाताने गरगर फिरलं तर आतला द्रव संपला, कपलिंग काम करत नाही. गरम असताना अजिबात हललं नाही तर जाम. मात्र त्या चाकाचा ब्रेक चिकटलेला नाही ना, हे आधी बघा. कॅलिपरची पिन सुकली की चाचणी खोटं सांगते.

पार्लेकर

ऑइल कसंही बदला, निदान काय निघतं ते कळेल.

या मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्स, पुढचा आणि सेंटर डिफरन्शियल असं सगळं एकाच ऑइलवर चालतं. साडेतीन लिटर, ७५डब्ल्यू-९० (ऑइलचा घट्टपणा), जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा). जीएल-५च का, तर पुढच्या डिफरन्शियलचे दाते हायपॉइड आहेत, एकमेकांवर घसरत चालतात. इथल्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या गिअरबॉक्सना जीएल-४ लागतं आणि पिंपातून तेच ओतलं जातं. सीलबंद डबे स्वतः नेऊन द्या, मेकॅनिकला राग आला तरी चालेल.

मागचा डिफरन्शियल वेगळा: ०.८ लिटर, तेच ऑइल. प्लगला चौकोनी खाच असते, अर्ध्या इंचाचा रॅचेट सरळ बसतो. भरायचा प्लग आधी सोडवा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालचा आधी उघडलात तर गाडी रिकाम्या डिफरन्शियलवर उभी राहील.

गिअरबॉक्सला भरायचा प्लग नाही, इंजिनच्या मागे डिपस्टिक आहे, तिच्याच भोकातून लांब नळीच्या नरसाळ्याने सावकाश भरायचं. ड्रेन प्लगचं वॉशर नवं घाला. आणि नेमका कोणता प्लग उघडतोय ते दोनदा बघा. इंजिनचा चेंबर आणि गिअरबॉक्स एकामागे एक आहेत. इंजिन ऑइल समजून गिअरबॉक्स रिकामा करायचा आणि वरून इंजिनमध्ये दुप्पट ऑइल ओतायचं, हा सुबारूंचा जगभरचा ठरलेला अपघात आहे.

निघालेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात घ्या. करडी बारीक पावडर चालते. चमकणारे कपचे किंवा दात्याचा तुकडा असेल तर मात्र गॅरेजवाला बरोबर. दुधाळ, चहासारखं निघालं तर पाणी शिरलंय. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर ते ब्रीदरमधून (हवा येण्या-जाण्याच्या भोकातून) जातं: गरम डिफरन्शियल एकदम गार होतो आणि आत हवा ओढतो, पाण्यासकट. तसं असेल तर एकदा बदलून शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा बदला.

नट_बोल्ट

मागच्या घूंऽऽबद्दल कोणी बोललं नाही. या पिढीच्या फोरेस्टरचे मागचे व्हील बेअरिंग बदनाम आहेत आणि आवाज हुबेहूब डिफरन्शियलसारखा येतो. चांगले डिफरन्शियल यापायी फुकट उघडले जातात.

रिकाम्या रस्त्यावर सत्तरला अ‍ॅक्सिलरेटर सोडा. सोडल्यावर आणि दाबल्यावर सूर बदलला तर डिफरन्शियल. तसाच राहिला, पण गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवल्यावर कमी-जास्त झाला तर बेअरिंग. खात्री करायला मागचं चाक उचला, एका हाताने फिरवा, दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर खरखर स्प्रिंगमध्ये स्पष्ट लागते.

हे बेअरिंग हबमध्ये दाबून बसवायचं असतं, हातोड्याने ठोकायचं नाही. प्रेस असलेल्याकडेच द्या, सील सोबत बदला.

गाडी वर आहेच तर पुढचे एक्सल बूटही (एक्सलच्या सांध्यांवरची रबरी आवरणं) बघा. उजव्या बाजूचा आतला बूट एक्झॉस्टच्या अगदी जवळ, तोच आधी तडकतो. ग्रीस पाइपवर पडून जळल्याचा वास येतो आणि लोक क्लच जळाला समजतात. वळताना कटकट म्हणजे बाहेरचा जॉइंट, सरळ रस्त्यावर जोर दिल्यावर थरथर म्हणजे आतला.

मुलुंडकर

सगळ्यांचे आभार. मोजलं. पुढे २०८२ मिमी, मागे २०५९. थंड गाडीवर चाक जड पण फिरतं, गरम असताना स्पॅनरला लटकलं तरी हलत नाही, ब्रेक मोकळा आहे. ऑइल काळं, पावडर आहे, कपचे नाहीत. आवाज डाव्या मागच्या बेअरिंगचा, स्प्रिंगवर लगेच लागला.

एकाने सुचवलं की मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट काढून टू-व्हीलच करून टाका. चालेल?

चौचाकी_दादर

अजिबात नको. शाफ्ट काढला की सेंटर डिफरन्शियलची मागची बाजू मोकळी फिरते आणि पुढच्या चाकांना मिळणारी सगळी ताकद एकट्या कपलिंगच्या भरवशावर जाते. जाम आहे तोवर चालेलही, पण ते जळलं की गाडी जागेवर. शाफ्ट निघालेल्या भोकातून ऑइल गळतं ते वेगळंच.

तुमचा २३ मिमीचा फरक हे कारण, जाम कपलिंग हा परिणाम. म्हणून आधी चारही टायर एका कंपनीचे, एका नक्षीचे. त्यावर आठवडाभर चालवून गरम चाचणी पुन्हा करा. कधी कधी थोडं सैल होतं. तुमचं अजिबात हलत नाही म्हणता, त्यामुळे मला आशा कमी आहे, पण जुन्या टायरांवर नवं कपलिंग टाकण्यात अर्थ नाही.

बदलायचं ठरलं तर गिअरबॉक्स पूर्ण उतरवायची गरज नाही. एक्झॉस्टचा मधला भाग, प्रोपेलर शाफ्ट आणि मागचा क्रॉसमेंबर काढून, गिअरबॉक्सला जॅकचा आधार देऊन शेपटीचं कवच मागे ओढता येतं. सेंटर डिफरन्शियल आणि कपलिंग एकत्रच येतं, उघडून दुरुस्त होत नाही. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर खूण करा आणि तसाच परत बसवा, नाहीतर थरथर येईल. शिम आणि वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवा. हे काम करताना मागचं ऑइल सील आणि शाफ्टचं मधलं बेअरिंग बदलून घ्या, परत तेवढ्यासाठी एक्झॉस्ट काढायला नको.

ग्रीसगन

पार्टबद्दल: शेवरोलेच्या नावाने शोधू नका, जनरल मोटर्सने २०१७च्या अखेरीस इथली विक्री बंद केली. सुबारूचा पार्ट क्रमांक घेऊन ऑपेरा हाऊसच्या इम्पोर्टवाल्यांना विचारा. गिअरबॉक्सवर टीवाय७५ने सुरू होणारा कोड असतो, कपलिंग त्या कोडवरूनच मागवा.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर कोणी अख्खा गिअरबॉक्स स्वस्तात देऊ केला तर मोहात पडण्याआधी फायनल ड्राइव्हचं गुणोत्तर विचारा. पुढे ४.१ आणि मागे ४.४ अशी जोडी झाली तर आता टायरमुळे होतंय त्याच्या कितीतरी पट जास्त ताण पहिल्याच दिवशी पडेल. गुणोत्तर वेगळं असेल तर मागचा डिफरन्शियलही त्याच गाडीचा घ्या.

सायनवाला

मध्येच विचारतो. माझी बाहेरून आणलेली जुनी लेगसी, चार गिअर ऑटोमॅटिक. वळताना हेच लक्षण. हेच उपाय का?

पार्लेकर

टायरचा नियम तोच, पण आतलं यंत्र वेगळं. ऑटोमॅटिकमध्ये कपलिंगऐवजी चकत्यांचा क्लच मागच्या चाकांना ताकद देतो आणि त्यावर सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या झडपेचा) ताबा असतो. बॉनेटखाली एफडब्ल्यूडी (फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त पुढची चाकं) लिहिलेला रिकामा फ्यूज होल्डर असेल तर त्यात फ्यूज घाला, डॅशवर एफडब्ल्यूडीचा दिवा लागेल. आता वळताना अडणं थांबलं तर क्लच यांत्रिकदृष्ट्या ठीक, गडबड संगणकाच्या किंवा सेन्सरच्या बाजूला. फ्यूज घालूनही अडत असेल तर सोलेनॉइड किंवा चकत्या. गाडी सुरू करताना एटी ऑइल टेम्पचा दिवा सोळा वेळा लुकलुकला तर कोड नोंदला गेलाय, तो वाचून घ्या.

फ्यूज फक्त तपासण्यापुरता, कायम ठेवू नका. आणि तुमच्यात पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल वेगळं आहे, त्याला वेगळी डिपस्टिक. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) त्यात ओतू देऊ नका.

नट_बोल्ट

दोघांनाही: गाडी बंद पडली तर टोइंगवाल्याला पुढची चाकं उचलून ओढू देऊ नका. फ्लॅटबेडच मागवा, फोनवरच तसं बजावा. मुलुंडकर, बेअरिंग करताना व्हील स्पीड सेन्सर आधी काढायला सांगा. तो गंजून बसलेला असतो आणि प्रेसखाली मोडतो.