अनुभव धागा: टेक्सास लाँगहॉर्न्सचे रनिंग बॅक, तुमचा कोणता?

गोटीसोडा
दरवर्षी हेच होतं. ऑस्टिनमधला गणपती आणि कॉलेज फुटबॉलचा सीझन एकदमच येतात, आरती झाली की अर्धी मंडळी प्रसादाच्या रांगेत आणि अर्धी कुणाच्यातरी फोनवर स्कोअर बघत. यंदा मोदक खाता खाता वाद पेटला की युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचा, म्हणजे लाँगहॉर्न्स टीमचा, आजवरचा सगळ्यात भारी रनिंग बॅक कोण, अर्ल कॅम्पबेल की रिकी विल्यम्स, आणि तो काही संपेना म्हणून इथे धागा काढतेय. ज्यांनी स्टेडियममध्ये बसून पाहिलंय त्यांनी तर लिहाच, टीव्हीवर पाहिलं असेल तरी चालेल.

नियम एकच, फक्त कॉलेजमधले दिवस. पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, कोणी काय दिवे लावले ते धरायचं नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर बॉल समोरच्यांना. क्वार्टरबॅक एकतर बॉल फेकतो नाहीतर शेजारच्याच्या पोटात कोंबतो. ज्याच्या पोटात कोंबतो तो रनिंग बॅक. मैदानाच्या टोकाचा पट्टा म्हणजे एंड झोन, तिथे बॉल नेला की टचडाऊन. कबड्डीतल्या रेडरला अकरा जणांनी एकदम धरायला यावं आणि त्याने परत न येता पुढेच निघून जावं, तसं काहीसं. चला, करा सुरुवात.

टायलरगुलाब
मी धाग्यावरचा बहुतेक सगळ्यात म्हातारा. १९७६ला एमएस करायला ऑस्टिनला आलो, हातात दोन बॅगा आणि डोक्यात फक्त क्रिकेट. हॉस्टेलमधल्या टेक्सन पोरांनी ओढून स्टेडियमला नेलं. पहिलं वर्ष काही कळलं नाही, टीमही तशी यथातथाच होती आणि कोच डॅरेल रॉयल यांचं ते शेवटचं वर्ष. १९७७ला फ्रेड एकर्स कोच झाले, जुनी विशबोन पद्धत (बॉल तिघाचौघांत वाटायची) बाजूला ठेवली आणि अर्लला क्वार्टरबॅकच्या मागे खोलवर उभा करून बॉल द्यायला लागले, म्हणजे त्याला पळत येऊन धडक द्यायला जागा मिळाली. मग काय विचारता.

अर्ल धावायचा तेव्हा त्याला चुकवून जाण्यात रसच नव्हता. समोर माणूस आहे ना, मग त्याच्यातून जायचं. एकदा एंड झोनमध्ये घुसल्यावर वेग आवरेना आणि थेट बेव्होवर जाऊन आदळला, बेव्हो म्हणजे आमचा तो लांब शिंगांचा जिवंत बैल, मैदानाच्या कडेला असतो. १७४४ यार्ड त्या सीझनला, देशात पहिला, आणि हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. युनिव्हर्सिटीची पहिली हाइजमन. घरी अकरा भावंडं, आई गुलाबाच्या शेतात राबायची, टायलर गाव गुलाबांसाठीच प्रसिद्ध, म्हणून 'टायलर रोझ'.

आम्ही अकराच्या अकरा मॅच जिंकून कॉटन बोलला, म्हणजे सीझननंतरच्या मोठ्या मॅचला, गेलो, देशात एक नंबर, आणि तिथे नोत्र दामने ३८-१० असं धुतलं. त्यांचा क्वार्टरबॅक होता जो मोंटाना, तेव्हा आम्हाला काय माहीत हा पुढे कोण होणार.

आता अर्लला व्हीलचेअरवर बघितलं की पोटात कालवतं. पाठीचा कणा, गुडघे, सगळं त्या धडकांनी खाल्लं. आम्ही टाळ्या वाजवत होतो ना तेव्हा. असो. माझं मत अर्ल, आणि बदलणार नाही.

सदाशिवपेठी_इन_ऑस्टिन
काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण माझं मत रिकी 😄

मी १९९७च्या फॉलला आले. पहिलीच मॅच मैत्रिणींनी नेली ती यूसीएलएविरुद्धची. ६६-३ हरलो. घरच्या मैदानावर. मला वाटलं ही लोकं एवढी ढोल वाजवतात ती कशासाठी. पण त्या भिकार वर्षातसुद्धा, चार जिंकल्या सात हरल्या, रिकी १८९३ यार्ड धावला, देशात सगळ्यात जास्त. सगळे म्हणाले आता हा जाणार एनएफएलला, पैसे सोडून कोण थांबतं. तो थांबला. नवीन कोच आले मॅक ब्राऊन, आणि १९९८चं वर्ष मी कधी विसरणार नाही.

थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस, शुक्रवार, २७ नोव्हेंबर. समोर टेक्सास ए अँड एम, म्हणजे सख्खे वैरी. टोनी डोरसेटचा करिअर रशिंगचा, म्हणजे बॉल घेऊन धावण्याचा, रेकॉर्ड, ६०८२ यार्ड, बावीस वर्षं कोणी मोडला नव्हता आणि स्वतः डोरसेट आलेला बघायला. पहिल्याच क्वार्टरमध्ये (मॅचच्या चार भागांतल्या पहिल्या) रिकी डावीकडून सुटला, मध्ये एकाला हाताने बाजूला सारलं, आणि शेवटी एक जण मानगुटीवर लोंबकळत असताना त्याला घेऊनच एंड झोनमध्ये. ६० यार्ड. रेकॉर्ड आणि टचडाऊन एकाच धावेत. मॅच थांबवली, बॉल त्याच्या हातात दिला. शेजारी एक आजोबा होते, काऊबॉय हॅट, बूट, सगळं, ते मला मिठी मारून रडले. मी पण रडले, का ते मला विचारू नका, मला तोवर होल्डिंगचा पेनल्टीसुद्धा नीट कळत नव्हता.

रात्री कॉलिंग कार्डवरून आईला फोन केला, सांगितलं की आज रेकॉर्ड मोडला. आई म्हणाली, अगं मग थीसिसचं काय झालं.

त्या दिवशी २५९ यार्ड, मॅच २६-२४ जिंकलो, सीझनचे २१२४, करिअरचे ६२७९, आणि हाइजमन. पण मला वेगळीच गोष्ट जास्त आवडते. त्याच सीझनला डोक वॉकर वारले, जुन्या जमान्यातले मोठे खेळाडू, ज्यांच्या नावाचं सर्वोत्तम रनिंग बॅकचं अवॉर्ड रिकीला आदल्या वर्षी मिळालं होतं आणि त्यांची मैत्री झालेली. ओक्लाहोमाविरुद्ध रिकीने स्वतःचा ३४ नंबर सोडून वॉकरांचा ३७ घातला. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला हे सुचावं!

बर्न्ट_ऑरेंज_कोल्हापुरी
रिकी. विषय कट.

एगी_पण_आपलाच
मी रिकीच्या रेकॉर्डच्या दिवशी समोरच्या स्टँडमध्ये होतो, कॉलेज स्टेशन या आमच्या ए अँड एमच्या गावाहून बस करून आलेलो. लाँगहॉर्न लोकांना शिव्या घालणं हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे पण एक सांगतो, आमचा त्या वर्षीचा डिफेन्स लेचापेचा नव्हता. रेकिंग क्रू म्हणायचे त्याला. पुढच्याच आठवड्यात आम्ही कॅन्सस स्टेटला हरवून बिग ट्वेल्व्ह या आमच्या विभागीय लीगची चॅम्पियनशिप घेतली. तसल्या डिफेन्सविरुद्ध, बॉल कोणाकडे जाणार हे अख्ख्या राज्याला माहीत असताना २५९. कमकुवत टीमविरुद्ध आकडे फुगवणारे खूप बघितले, हा तो नव्हता.

आता वाद घालायला येऊ नका, २०२४ला तुम्ही आमच्याच घरात १७-७ जिंकलात, ती जखम अजून ओली आहे.

एक्सेलवाला
अर्लची १९७७ची सरासरी २६७ वेळा बॉल घेऊन ६.५ यार्ड. रिकीची १९९८ची ३६१ वेळा घेऊन ५.९. म्हणजे एका बाजूला दर धावेला जास्त, दुसऱ्या बाजूला ओझं जास्त. करिअरची बेरीज लावून तुलना करणाऱ्यांना हात जोडून विनंती, अर्लच्या पहिल्या तीन वर्षांत तो विशबोनमध्ये फुलबॅक (तोही एक रनिंग बॅकच) होता, तिथे बॉल तिघाचौघांत वाटला जायचा, आणि १९७६ला दुखापतीने निम्मा सीझन वाया गेला. तरी ४४४३. शिवाय बोल गेमचे (सीझननंतरच्या मॅचचे) यार्ड २००२पासून धरायला लागले, त्याआधीच्या सगळ्यांचे तेवढे कमी दिसतात.

पर्मियन_पाटील
इथे सेड्रिक बेन्सनचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं नाही. कोणी घेतच नाही.

मी पेट्रोलियमवाला, मिडलंडला नोकरी. मिडलंडमध्ये तेल आणि हायस्कूल फुटबॉल सोडून काही नाही, वारा आहे पण तो मोजत नाहीत. बेन्सन मिडलंड ली हायस्कूलचा पोरगा, त्याच्या काळात शाळेने लागोपाठ तीन स्टेट चॅम्पियनशिप घेतल्या. आमच्या रिगवरचा एक ड्रिलर त्याच्याबद्दल असं बोलायचा जसं आमच्याकडे गावचा पैलवान केसरी झाल्यावर बोलतात. २००१ ते २००४, चारही वर्षं हजाराच्या वर, एकूण ५५४०, युनिव्हर्सिटीत रिकीच्या खालोखाल. डोक वॉकर अवॉर्डही मिळालं. आणि नशीब बघा, हा गेला आणि पुढच्याच वर्षी टीमने नॅशनल चॅम्पियनशिप घेतली. त्यात पोराने केस वाढवून जटा ठेवलेल्या, म्हणून कायम 'छोटा रिकी'. स्वतःचं नाव कधी मिळालंच नाही त्याला.

ऑगस्ट २०१९ला ऑस्टिनमध्येच मोटरसायकल अपघातात गेला. ३६ वय. दुसऱ्या दिवशी साइटवर तो ड्रिलर आला तो बेन्सनच्या बत्तीस नंबरची जुनी जर्सी घालूनच, कोणी त्याला सेफ्टीच्या कपड्यांबद्दल बोललं नाही.

वेगाचा_वेडा
जमाल चार्ल्स!! मी २००७ला नेब्रास्काच्या मॅचला होतो. तीन क्वार्टर इतकं कंटाळवाणं की माझा रूममेट नाचोज आणायला गेला तो तिकडेच गप्पा मारत बसला. चौथ्या क्वार्टरमध्ये, एकट्या त्या क्वार्टरमध्ये हां, जमालने २१६ यार्ड काढले. एक धाव ८६ यार्डांची. एकूण २९०, आपण २८-२५. पोर्ट आर्थरचा स्प्रिंटर होता तो, ट्रॅकवर धावायचा, एकदा मोकळी जागा दिसली की मागचे लोक पाठलाग करणं सोडून चालायला लागायचे.

आणि २००५च्या चॅम्पियन टीममध्ये तो फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा, होता, पण खरं सांगायचं तर त्या टीमचा सगळ्यात भारी रनिंग बॅक क्वार्टरबॅक होता. व्हिन्स यंग, १०५० यार्ड, आणि रोझ बोलला यूएससीविरुद्ध १९ सेकंद राहिलेले असताना चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, स्वतःच पळत एंड झोनमध्ये गेला. ४१-३८. तो या धाग्यात धरायचा का?

गोटीसोडा
नाही धरायचा. धरला तर धागा इथेच संपेल.

दु:खी_बेव्हो
माझी वर्षं २०१५ आणि २०१६. हसू नका. डॉन्टा फोरमन, २०१६, २०२८ यार्ड. रिकीनंतर दोन हजार ओलांडणारा आपला तो एकच. डोक वॉकर अवॉर्ड. आणि टीम? पाच जिंकल्या, सात हरल्या. कॅन्ससविरुद्ध त्या पोराने ५१ वेळा बॉल घेतला, २५० यार्ड धावला आणि आपण ओव्हरटाइममध्ये २४-२१ हरलो, ज्या कॅन्ससकडून १९३८नंतर कधी हरलो नव्हतो. मी मित्राकडे पोहे खात बघत होतो, ते पोहे तसेच ताटात राहिले. नंतर कोचचीही नोकरी गेली.

माझं म्हणणं एवढंच, जिंकणाऱ्या टीममध्ये धावणं सोपं असतं. पुढे आहात म्हणून बॉल पळवायचा, समोरचे दमलेले. हरणाऱ्या टीममध्ये आठ-नऊ जण तुमच्यासाठीच पुढे येऊन उभे असतात. काका आणि ताई दोघंही चांगल्या वर्षांचं सांगताहेत.

सदाशिवपेठी_इन_ऑस्टिन
१९९७ला चार-सातच होतो रे बाबा, वर लिहिलंय. तेव्हाही धावला.

दोन_पोरांची_आई
आमच्या घरात बिजान रॉबिन्सन सोडून दुसरं नाव काढायचं नाही. मुलगी तेव्हा शाळेत, पाच नंबरची जर्सी धुवायला द्यायची नाही. हा पोरगा टेक्सासचासुद्धा नाही, ॲरिझोनातल्या टूसॉनचा, पण कंबर अशी वळवायचा की टॅकल करणारा हवेतच मिठी मारून पडायचा. २०२२ला १५८० यार्ड, १८ टचडाऊन, त्यालाही डोक वॉकर. आणि २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायला परवानगी मिळाली ना, तर याने स्वतःची मोहरी काढली, डिजॉन मस्टर्ड म्हणून बिजान मस्टर्डसन! आमच्याकडे बाटली आली, कटलेटबरोबर संपली. मला बरं वाटलं खरं तर. अर्लच्या काळात स्टेडियम भरायचं त्याच्या जीवावर आणि त्याला काय मिळायचं, शिष्यवृत्ती.

फक्त शेवटची अलामो बोलची मॅच तो खेळला नाही, एनएफएलच्या ड्राफ्टसाठी (तिथल्या टीम नवे खेळाडू निवडतात ती फेरी) शरीर जपायला. नवरा चिडला, हे कसले आजकालचे. मी म्हटलं टायलरगुलाब काकांचा अर्ल आठव आणि मग बोल. गप्प बसला.

बर्न्ट_ऑरेंज_कोल्हापुरी
बिजान भारी पण करिअरला तीनच सीझन, त्यातला एक कोविडचा. रोशॉन जॉन्सनबरोबर बॉल पण वाटून घ्यावा लागायचा. तरी रिकीच.

वैद्यांची_सून
नियम मोडतेय, पण रिकीचं एक सांगायलाच हवं. एनएफएल मधेच सोडून तो २००४च्या सुमारास कॅलिफोर्नियात ग्रास व्हॅलीला चक्क आयुर्वेद शिकायला गेला होता. माझे सासरे नाशिकला वैद्य, त्यांना ही बातमी वाचून दाखवली तर चष्मा काढून म्हणाले, एवढी धावाधाव केल्यावर वात वाढणारच.

जुनी_पानं
सगळे अर्लपासून सुरुवात करताय म्हणून लिहितो. मी खेळाडूंपेक्षा इतिहासवाला, बघितलेलं काही नाही, पण लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं चाळायची खोड आहे. १९६९ला टेक्सासने नॅशनल चॅम्पियनशिप घेतली ती टीम पूर्ण गोरी होती, एकही काळा खेळाडू नाही. चारच वर्षांनी, १९७३ला, रुझवेल्ट लीक्स नावाच्या काळ्या फुलबॅकने एसएमयू म्हणजे सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीविरुद्ध एका मॅचमध्ये ३४२ यार्ड काढले आणि हाइजमनच्या मतदानात तिसरा आला. त्याच विशबोनमध्ये, जिथे वर एक्सेलवाला म्हणतोय तसा बॉल वाटला जायचा. ज्या स्टेडियममध्ये त्याच्यासारख्यांना काही वर्षांपूर्वी जर्सीच मिळाली नसती तिथे आज मैदानालाच दोन काळ्या रनिंग बॅकचं नाव आहे, २०२०पासून कॅम्पबेल-विल्यम्स फील्ड. त्यात लीक्स नाही.

टायलरगुलाब
लीक्सचं नाव काढलंस, बरं केलंस. मी आलो तेव्हा पोरं अजून त्याच्याबद्दल बोलायची. १९७४च्या स्प्रिंग प्रॅक्टिसला त्याचा गुडघा गेला आणि त्याच फॉलला टायलरहून अर्ल फ्रेशमन म्हणून दाखल झाला. शेवटच्या वर्षी लीक्स खेळला, पण तो आधीचा लीक्स राहिला नव्हता म्हणायचे. गुडघा धड असता तर अर्लला पहिल्या वर्षी बाकावर बसावं लागलं असतं. मत मात्र अर्ललाच, ते लिहून घे गोटीसोडा.