ट्रंकेतली व्हिल्मा बँकी

गिरगावकर: चाळ पुनर्विकासाला गेली, खोली रिकामी करतोय. आजोबांच्या ट्रंकेत मिलच्या पगारचिठ्ठ्यांखाली एका गोऱ्या बाईचं फोटोकार्ड निघालं. खाली छापलंय ‘व्हिल्मा बँकी’. मागे पेन्सिलीने फक्त १९२७. आई म्हणते, बँकेची जाहिरात असेल! आजोबांना इंग्रजीचा गंध नव्हता. कोण ही?

पिटातला म्हातारा: अहो, मूकपटातली नटी ती. हंगेरीची. १९२५ साली निर्माता सॅम्युएल गोल्डविनने तिला बुडापेस्टात हेरलं आणि हॉलिवूडला नेलं. त्या काळचा हॉलिवूडचा लाडका नायक व्हॅलेंटिनो, त्याच्याबरोबर तिचे दोन चित्रपट, ‘द ईगल’ आणि ‘द सन ऑफ द शेख’. दुसऱ्यात ती नाचणारी यास्मिन आणि तो बापही, मुलगाही. (डबल रोलचं कौतुक आपल्याला सांगू नये, फाळक्यांच्या १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले होते.)

इंग्रजीचं म्हणाल तर ते लागतच नव्हतं. माझे मामा थिएटरात डोअरकीपर होते. ते सांगायचे, पिटात, म्हणजे पडद्यापुढच्या स्वस्त जागांत, एखादा शिकलेला असला की पडद्यावरच्या इंग्रजी संवादाच्या पाट्या मोठ्याने मराठीत सांगायचा. चुकीचं सांगितलं तरी कोण विचारतंय! व्हिल्माचंही तसंच, तिचं इंग्रजी कसं आहे ते कुणाला ऐकू येत होतं? बोलपट आले आणि उच्चार आडवे आले. १९२९च्या ‘दिस इज हेवन’मध्ये तिला परदेशातून आलेल्या मुलीचंच काम दिलं. १९३३नंतर ती पडद्यावर नाहीच.

शिवाजीपार्कची सुमा: आपल्या मूकपटांतल्या सुलोचनाचं, म्हणजे रूबी मायर्सचं, हेच झालं होतं ना? ती हिंदी शिकून परत आली आणि ‘अनारकली’ बोलका करून दाखवला. हिला का नाही जमलं?

पिटातला म्हातारा: सुमाताई, हिला बहुधा नकोच होतं. १९२७च्या जूनमध्ये नट रॉड ला रॉकशी लग्न झालं, पुढे संसार आणि गोल्फ. १९९१ला गेली, पण बातमी बाहेर यायला १९९२ उजाडलं.

गिरगावकर, तिचं लग्न झालं त्याच सालचं कार्ड हे. आजोबांच्या मनात काय होतं ते आता ट्रंकेलाच विचारा. एकच सांगतो, लॅमिनेट करू नका.

गिरगावकर: काका, उशीर झाला. भावाने कालच करून आणलं.