मान आणि राबणूक वेगळी

बलुत्यात, म्हणजे गावकामाच्या बदल्यात धान्याचा वाटा मिळायच्या जुन्या पद्धतीत, प्रत्येक जातीला मान होता, तो गेला आणि गावाचा धर्मच मोडला, असं काही जण म्हणतात. मानाचं अर्धं पटतं. तुळजापूरला दसऱ्याला देवीची पालखी बुऱ्हाणनगरहून येते, पलंग घोडेगावहून. ती आणणाऱ्या घराण्यांना तो मान सोडायला कुणी सांगितलं नाही, आणि ती माणसं तो आनंदानं जपतात. पण मेलेलं ढोर ओढणं, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पायपीट करणं, याला मान कसा म्हणायचा? महार वतन, म्हणजे महारांवर पिढीजात लादलेलं हे गावकाम, मोडावं म्हणून बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं, ते उगाच नव्हे.

आमच्याकडं लातूर भागात हलगीचं काय झालं ते सांगतो. गावकीची, म्हणजे गावानं बांधून दिलेलं काम म्हणून, हलगी वाजवायची आणि वाजवून झाल्यावर मांडवाबाहेर वाढलेलं घेऊन जायचं, हे मातंग वस्तीतल्या पोरांनी साफ बंद केलं. दोन-तीन वर्षं जत्रा मुकीच गेली, म्हाताऱ्यांनी लई बोल लावला. आता तीच पोरं सुपारी घेऊन वाजवतात. आधी इसार, मग तारीख. पालखी निघायच्या आधी देवळासमोर कडबा पेटवून हलग्या शेकतात, कातडं ताणलं की बोटानं ठोकून बघतात, आणि मग जो कडकडाट उठतो तो गावकीच्या काळात मी कधी ऐकला नव्हता. जेवायलाही सगळ्यांच्या पंगतीत बसतात. मयताला मात्र वाजवत नाहीत, आणि त्यावाचून आमच्याकडं कुणाचं मयत अडलेलं नाही.