काळ्या जमिनीवरच्या घराला सिरॅमिक टाइल की पोर्सेलिन?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ):
नमस्कार. जुने कौलारू घर पाडून आम्ही त्याच जागी नवीन बांधले असून प्लास्टर पूर्ण झाले आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि छपरी यांत टाइल बसवायची आहे. मधल्या खोलीत भाव येईपर्यंत कापूस साठवला जातो आणि तुरीची पोती फरशीवरून ओढतच न्यावी लागतात. दुकानदार पोर्सेलिनचा आग्रह धरतात, तर मिस्त्रींच्या मते सिरॅमिक पुरेशी आहे. दोहोंत नेमका फरक काय?

उत्तर १:
आपल्याकडे दुकानात व्हिट्रिफाइड या नावाने जी टाइल मिळते, तीच पोर्सेलिन समजावी. बारीक दळलेली माती जास्त दाबाखाली ठोकून सुमारे १२०० अंशांवर भाजल्यामुळे तिचे अंग इतके घट्ट होते, की ती वजनाच्या ०.५ टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही. भिंतीची सिरॅमिक टाइल मात्र १० टक्क्यांहून अधिक पाणी पिते. दुकानातच टाइल उलटी करून पाठीवर चमचाभर पाणी टाकून पाहा. सिरॅमिकवरचे पाणी बघता बघता जिरते, पोर्सेलिनवरचे तसेच उभे राहते. पोती ओढायची असतील तर खोल्यांना पोर्सेलिनच घ्यावी आणि न्हाणीघराच्या भिंतींना सिरॅमिक लावून पैसे वाचवावेत. १२ बाय १४ फुटांच्या खोलीला २ बाय २ च्या, पेटीत चार नग असलेल्या, तूटफूट धरून १२ पेट्या लागतील. सर्व पेट्यांवरचा बॅच आणि शेड क्रमांक एकच असल्याची खात्री करावी.

उत्तर २:
वरील माहिती योग्य आहे, परंतु आमचे नुकसान टाइलमुळे नव्हे, बसवण्यामुळे झाले. मिस्त्रीने पोर्सेलिनही सिरॅमिकप्रमाणेच नुसत्या सिमेंटच्या घोळावर बसवली. ही टाइल पाणीच पीत नसल्यामुळे सिमेंट तिला धरत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातील नऊ टाइल्स ठोकल्यावर मडक्यासारख्या वाजू लागल्या आणि दोन तर चक्क उचलल्या गेल्या. टाइल चिकटवण्याचे तयार अ‍ॅडेसिव्हच वापरावे, दोन टाइल्समध्ये २ मिलिमीटर फट ठेवावी आणि भिंतीलगतची जागा मोकळी सोडून ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात त्या टाइलच्या पट्टीखाली, झाकावी.

उत्तर ३:
छपरीत चकचकीत टाइल कृपया घेऊ नका. पावसाळ्यात वावरातून चिखलाच्या पायांनी आलेला माणूस तिच्यावर हमखास घसरतो. आमच्या सासूबाई दोनदा पडल्या. तिथे खरखरीत, मॅट पृष्ठभागाची टाइल हवी. रंगही पांढरा नको, काळ्या मातीचे प्रत्येक पाऊल त्यावर उमटते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. जोत्यात आम्ही पायव्याचीच निघालेली काळी माती भरली आहे. त्यावर अ‍ॅडेसिव्हने पोर्सेलिन बसवली तर चालेल काय?

उत्तर २:
तसे करू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरची कितीही महाग टाइल तडकणारच. भरलेली माती काढून टाका, मुरूम थराथराने भरून प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करा (ठोकून घट्ट बसवा) आणि वर काँक्रीटचा कोबा घाला. खर्चाचा मेळ बसत नसेल तर टाइल हलक्या दराची घ्या, पण मुरूम टाळू नका. आम्ही छपरीपुरता तो टाळला होता. तिथली भेग यंदा उंबरठ्यापर्यंत आली आहे.