के.टी. बंधाऱ्याचे बर्गे गळतात, पाणी डिसेंबरसुद्धा काढत नाही

माणकाठ विचारतात (खाली प्रत्येक उत्तराच्या वर उत्तर देणाऱ्याचं टोपणनाव आहे):

सांगोला तालुक्यात माण नदीवरचा के.टी. (कोल्हापूर पद्धतीचा) बंधारा आहे. खांबांमधले १४ गाळे, प्रत्येक गाळा २ मीटरचा. बर्गे (खांबांच्या खाचांत बसवायच्या, काढता येणाऱ्या फळ्या) लोखंडी, २ मीटर × ५० सेंमी, एकावर एक पाच. म्हणजे पाणी अडतं अडीच मीटर. फुगवटा १.२ किमी मागे जातो, पात्राची रुंदी सरासरी ३० मीटर. ऑक्टोबरच्या मध्याला बर्गे टाकले जातात आणि डिसेंबर लागता लागता पात्रात वाळू दिसायला लागते.

गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो बर्ग्यांच्या कडेचं रबर बदला, दुसरा म्हणतो बर्ग्यांची कटकटच नको, गाळे काँक्रीटने बुजवून टाका. खर्चाआधी हे कळायला हवं की गळती नक्की किती आहे, ती कशी मोजायची, आणि रबर बर्ग्याच्या कोणत्या अंगाला बसवायचं. सध्याच्या ७० पैकी काहींना ते वरच्या अंगाला (साठ्याकडे) आहे, काहींना खालच्या (नदी वाहत जाते त्या बाजूला).

पाणमोज्या

आधी मोजा, मग भांडा. बंधाऱ्याच्या खाली ३०-४० मीटरवर गळतीचं सगळं पाणी एका धारेत येतं तिथे मातीचा छोटा आडवा बांध घाला आणि मधोमध ३ मिमी पत्र्याचा, ९० अंशांचा व्ही-नॉच (इंग्रजी V सारखी खाच) बसवा. पाणी नॉचमधून मोकळं पडलं पाहिजे, खालचं पाणी त्याला टेकता कामा नये. उंची नॉचच्या तोंडाशी मोजू नका, तिथे पाणी खचलेलं असतं. जितकी उंची त्याच्या चौपट अंतर मागे जाऊन, नॉचच्या टोकाच्या पातळीपासून पट्टीने मोजा.

१० सेंमी भरली तर सेकंदाला ४.४ लिटर, १५ सेंमीला १२ लिटर, २० सेंमीला जवळपास २५ लिटर.

तुमच्या मापांवरून साठा असा निघतो: तळ चढता असल्याने अडीच मीटरचं निम्मं धरायचं, गुणिले १२०० गुणिले ३०, म्हणजे ४५,००० घनमीटर. दशलक्ष घनफुटात १.६. आता नॉचवर १५ सेंमी दिसले तर दिवसाला १,०३६ घनमीटर जातात आणि ४३ दिवसांत सगळं रिकामं. पातळी उतरेल तशी गळतीही मंदावते, पण शेतीपंप आणि पाझर त्यात धरलेलेच नाहीत, त्यामुळे तुमची डिसेंबरची सुरुवात बरोबर जुळते.

उन्हाला दोष देणाऱ्यांसाठी: हिवाळ्यात रोज ५ मिमी वाफ धरली तरी पूर्ण फुगवट्यावरून १८० घनमीटर जातात. म्हणजे बर्ग्यातून जाणारं पाणी त्याच्या जवळजवळ सहापट.

खाच-रबर

रबर खालच्या अंगाला. पाण्याचा दाब बर्ग्याला खालच्या बाजूला ढकलतो, बर्गा खाचेच्या खालच्या कडेवर टेकतो, म्हणजे रबर तिथंच दाबलं जाणार. वरच्या अंगाला लावलेलं रबर दाब वाढला की खाचेपासून सुटतं. साठा जितका भरलेला तितकी गळती जास्त, असं जिथे दिसतं तिथे आधी हेच तपासायचं.

एका बर्ग्याला दोन उभ्या बाजू आणि तळ मिळून ३ मीटर रबर लागतं. ७० बर्ग्यांना २१०, कापाकापी धरून २२५ मीटर मागवा. वर लोखंडी पट्टी, बोल्ट १५ सेंमीवर, तेही गॅल्व्हनाइज्ड. साधे बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजून मुंडी तुटते. सगळ्यात जास्त पाणी जातं ते कोपऱ्यातून, कारण उभं आणि आडवं रबर तिथे नुसतं भिडवलेलं असतं. ४५ अंशात कापून चिकटवा.

पण रबर मागवण्याआधी खाच पाहा. सरळ लोखंडी पट्टी उभी धरून बॅटरी मारायची. काँक्रीटची कड फुटून ३-४ मिमीची फट दिसत असेल तर नवं रबर लावून पैसे पाण्यात (इथे खरोखरच). कड छिन्नीने मोकळी करून खाचेत लोखंडी पट्टी ओळंब्यात बसवून घ्या. उंबरठ्यावर अडकलेला गोटा हा दुसरा चोर: सुपारीएवढा खडा तळाच्या बर्ग्याखाली राहिला की वरचे चारही तिरके बसतात.

या हंगामापुरतं काम भागवायचं असेल तर लाकडाचा भुसा राखेत ओला कालवून पाटीने वरच्या अंगाला, फटीच्या अगदी तोंडाशी हळूहळू सोडा. कोरडा भुसा तरंगून जातो. बारीक फटी पाणीच ओढून बुजवतं, बोटभर फटीला ताडपत्री लागते.

पंचगंगा ते माण

मुळात बंधारा कोल्हापूरचा आणि नदी माणदेशची, ही अडचण रबराने सुटत नाही. पंचगंगेला पावसाळ्यानंतरही वाहतं पाणी असतं. तिथे पूर ओसरल्यावर निवांत बर्गे टाकले तरी बंधारा भरतो. माणेला वर्षात दोन-तीन पूर, तेही बहुतेक सप्टेंबर आणि परतीच्या पावसात, आणि नंतर चार-आठ दिवसांत धार तुटते. सिंचनाच्या कॅलेंडरात रब्बी १५ ऑक्टोबरला सुरू होतो, बर्ग्यांची तारीखही त्याच सुमाराला. तोवर पाणी भीमेला मिळालेलं असतं.

माझं मत: पहिल्या पुराचा गढूळ लोंढा मोकळा जाऊ द्या, त्यात गाळ असतो. पाणी निवळलं आणि गुडघ्याखाली आलं की, सप्टेंबरच्या मध्यालाही, खालचे तीन थर टाका. कमरेएवढ्या धारेत बर्गा तिरका होऊन खाचेत अडकतो. वरचे दोन थर परतीचा पाऊस सरेपर्यंत काठावर तयार ठेवा.

खालचे तीनच का? तळाच्या बर्ग्यावर भरल्या साठ्यात सव्वादोन टन दाब असतो, तो हाताने निघत नाही. सगळ्यात वरच्यावर पाव टन, तो दोन माणसं आकड्याने काढतात. पाचही थर टाकून बसलात आणि रात्रीत पूर आला, तर पाणी बगलेने भराव फोडून जातं. मग बंधारा जागेवर आणि नदी शेजारच्या रानात.

माणकाठ

खालच्या अंगाला, नवव्या गाळ्यासमोर वाळूतून पाणी उकळल्यासारखं वर येतं. तेही बर्ग्याचंच का?

खाच-रबर

नाही, ते बंधाऱ्याच्या पायाखालून येतंय. वरच्या अंगाला नवव्या गाळ्यापाशी तळात पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी पाइपने सोडा, रंग कुठून आणि किती वेळाने निघतो ते पाहा. निघणारं पाणी स्वच्छ असेल तर सध्या फक्त नुकसान. गढूळ असेल किंवा भोवती वाळूची वाटी तयार होत असेल तर पायाखालची वाळू वाहतेय. तेव्हा वरचे थर काढून पातळी लगेच उतरवा, आणि उकळ्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असा थर द्या. पाणी येऊ द्यायचं, वाळू अडवायची. त्यावर काँक्रीट ओतून तोंड बंद केलं तर ते शेजारून फुटतं. पुढचं काम अभियंत्याचं. १०० हेक्टरपर्यंतची योजना असेल तर जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारेकडे लेखी द्या.

पंचगंगा ते माण

गाळे बुजवण्याबद्दल राहिलं. काँक्रीटने बंद केलेत तर गाळ जायला वाट उरत नाही, साठा दरवर्षी कमी होत जातो. शिवाय पुराला मोकळी जागा न राहिल्याने तो अख्खाच्या अख्खा अडीच मीटर उंचीवरून जाणार, आणि तुमचा भराव त्या उंचीसाठी बांधलेला नाही. लहान ओढ्यावर सिमेंट बांध ठीक, माणेच्या मुख्य पात्रात नको.

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी नदीत सुटतं तेव्हा तुमची गळती खालच्या बंधाऱ्याची आवक असते, म्हणून खालचं गाव दुरुस्तीला वर्गणी देईल ही आशा सोडा.

आणि उन्हाळ्यात बर्गे काढताना प्रत्येकावर ऑइलपेंटने गाळा आणि थर लिहा: ९/१, ९/२ असं. गाळ्यांच्या रुंदीत एखाद सेंमीचा फरक असतोच, नवव्याचा बर्गा चौथ्यात टाकला की नवं रबरही गळतं. सावलीत, उभे ठेवा. उन्हात थप्पी मारलेल्या बर्ग्यांचं रबर चपटं होऊन तडकतं.