साताऱ्यात पिल्लासाठी विश्वासाचा डॉक्टर कसा शोधायचा? पॅकेज घ्यावं का?

चिमणीची आई (सातारा)

नमस्कार मंडळी. आमच्या पार्किंगमध्ये गावठी कुत्री व्यायली होती. बाकीची पिल्लं लोकांनी नेली, एक आमच्याकडे राहिलं. मादी आहे, नाव चिमणी, अंदाजे दोन महिन्यांची. घरात चार वर्षांचा मुलगा आहे, म्हणून लसीत हयगय करायची नाही.

एका क्लिनिकमध्ये गेले. काचेचं दार, एसी, भिंतीवर ‘पपी पॅकेज ७,५०० रुपये’. त्यात नाइन-इन-वन (अनेक रोगांवरची एकत्र लस), कोरोना, केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला), रेबीज, जंताचं औषध, दोन आंघोळी, नखं कापणं. लस कुठल्या कंपनीची विचारलं तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, ‘ते आमच्यावर सोडा.’ मग ओळखीतून एक गृहस्थ घरी आले. ४०० रुपयांत टोचतो म्हणाले आणि शर्टाच्या खिशातून बाटली काढली! चहा पाजून परत पाठवलं. सासूबाईंचं म्हणणं, गावाकडे कुत्र्याला कोण लस देतं. मी घरगुती डबे करते, एकदम साडेसात हजार काढणं जड आहे. विश्वास कुणावर ठेवू, आणि यातलं खरंच गरजेचं काय?

कोरेगावकर

आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन या ताई. केसपेपरचे पैसे किरकोळ. रेबीजची लस ६ जुलैला (प्राणिजन्य रोग दिन) आणि २८ सप्टेंबरला (रेबीज दिन) बऱ्याच ठिकाणी फुकट असते. पार्वो-डिस्टेंपरची (पिल्लांच्या दोन जीवघेण्या विषाणूजन्य रोगांची) लस मात्र तिथे बहुतेक वेळा नसते, बाहेरून आणावी लागते.

निवृत्त पर्यवेक्षक (वाई)

ताई, मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. आम्ही डिप्लोमावाले. १९८४ च्या कायद्याप्रमाणे आम्हाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली किरकोळ कामं करता येतात, स्वतःचा दवाखाना थाटता येत नाही. डॉक्टर म्हणजे बी.व्ही.एससी. अँड ए.एच. झालेला आणि राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी असलेला. नोंदणी क्रमांक भिंतीवर नसेल तर सरळ विचारा. ज्याच्याकडे आहे त्याला राग येत नाही.

आता खिशातली बाटली. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. पार्वो आणि डिस्टेंपरच्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, ती तापली की नुसतं पाणी टोचल्यात जमा. नोकरीत आमचा अर्धा जीव थर्मास आणि बर्फात अडकलेला असायचा. लाइट गेली की आधी फ्रीजकडे धाव. अशी मेलेली लस टोचली तरी कार्डावर शिक्का बसतोच. पुढे पिल्लाला रक्ताची हगवण लागते आणि मालक म्हणतो, लस देऊनही गेलं.

म्हणून एसी बघू नका, फ्रीज बघा. आत तापमापी आहे का? लसीशेजारी कुणाचा जेवणाचा डबा तर नाही ना? पावडर आणि पाणी तुमच्यासमोर मिसळलं पाहिजे, आणि बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवलं पाहिजे. त्यावर कंपनी, बॅच, मुदत सगळं असतं. पिल्लाला काट्यावर न ठेवता जंताचं औषध देणारा डॉक्टर मला चालत नाही. याउलट, ताप बघून ‘आज लस नको, चार दिवसांनी या’ म्हणणारा सापडला तर त्याला सोडू नका. त्याने त्या दिवसाची कमाई सोडलेली असते.

पॅकेजचं म्हणाल तर आंघोळ घरी घाला, तीही लसी पुऱ्या झाल्यावर. कोरोनाची लस म्हणजे कुत्र्यांच्या कोरोनाची, माणसांच्या नव्हे. ती जागतिक शिफारशींतसुद्धा बसत नाही. केनेल कफ चार कुत्र्यांत ठेवायची वेळ आली तरच. गरजेचं उरतं ते असं: डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिसची लस आत्ता, मग दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतरच. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला आड येते, ती ओसरल्यावरचा डोस खरा लागू पडतो. ‘दोनात भागतं’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. आपल्याकडे पावसाळा आणि उंदीर दोन्ही आहेत, तेव्हा लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा रोग) असलेली लस घ्या. रेबीज तीन महिने पूर्ण झाल्यावर, पुढे दरवर्षी. त्यात काटकसर नाही.

सगळे पैसे आगाऊ देऊ नका. प्रत्येक डोसचे वेगळे द्या, म्हणजे डॉक्टर पटला नाही तर बदलता येतो.

परळवाला

मुंबईत असतात त्यांच्यासाठी: परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि त्याच आवारातलं पशुवैद्यकीय महाविद्यालय. रांग मोठी असते, पण आमच्या म्हाताऱ्या टॉमीचं सगळं तिथेच झालं. साताऱ्याला तर शिरवळचं कॉलेज जवळ आहे.

निवृत्त पर्यवेक्षक (वाई)

बरोबर. क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, हायवेवरच. शिकणारी पोरं भोवती असतात, वेळ लागतो, पण नीट तपासतात. टोचायला तिथवर जायची गरज नाही. ऑपरेशन किंवा न कळणारा आजार असेल तर जा. मादी आहे, तेव्हा नसबंदीचे पैसे आत्तापासून बाजूला टाका. नाहीतर पुढे गर्भाशयात पू होऊ शकतो, आणि तेव्हाचं ऑपरेशन महागही असतं आणि जिवावरचंही.

चिमणीची आई (सातारा)

काका, खूप आभार. काल तिसरीकडेच गेले, साधा गाळा, बाहेर दोन शेळ्या बांधलेल्या. फ्रीज बघू का विचारलं तर डॉक्टर हसले आणि दार उघडून दाखवलं. वजन ३ किलो २००. लसीचं लेबल कार्डावर चिकटवू म्हणाले. काल जंताचं औषध दिलं, लस पुढच्या आठवड्यात. दोन शंका. गोचिडींचं काय करू? दीर म्हणतात गोठ्यातलं औषध लावू. आणि आज सकाळी शीतून शेवयांसारखं पांढरं काहीतरी पडलं, हलत होतं. मी पार घाबरले.

निवृत्त पर्यवेक्षक (वाई)

गोठ्यातलं औषध अजिबात नको. ते गुरांच्या वजनाच्या हिशेबाने असतं, आणि पिल्लू अंग चाटतं. या वयाला चालणारं औषध डॉक्टरच वजन बघून देतील. तोवर रोज कानात, बोटांच्या बेचक्यांत बघा, चिमट्याने ओढून साबणाच्या पाण्यात टाका. पुढे कधी ताप आला, खाणं सुटलं, नाकातून रक्त आलं तर गोचीडताप समजून त्याच दिवशी रक्त तपासा.

त्या शेवया म्हणजे जंतच. पडले ते चांगलं झालं, औषध लागू पडलं. शी लगेच उचला, मुलाचे हात साबणाने धुवा. पंधरा दिवसांनी पुन्हा औषध, तीन महिन्यांची होईपर्यंत असंच. मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, नंतर दर तीन महिन्यांनी. आणि दर वेळी आधी वजन.