मदत हवी आहे: धुळीच्या कामाला मास्क कुठला? (सोमवारच्या आत)

नवा_फिटर
नमस्कार. धुळीच्या कामाला चांगला मास्क कुठला आणि पणजी-फोंडा भागात कुठे मिळेल? सोमवारी काम सुरू होतंय. मुकादमाने निळे कापडी दिलेत, ते तासाभरात घामाने चिकटतात. ऑनलाइन मागवला तर बुधवारी येणार. लवकर सांगा, आणि मुद्द्याचं.

फोंडेकर_बापू
एन-९५. फार्मसीत मिळतो. विषय संपला.

दर्यावर्दी
धूळ कसली? चिऱ्याची, लाकडाची की वेल्डिंगचा धूर? हे तिन्ही कॅन्सरच्या यादीत आहेत, पण उपाय वेगवेगळे.

नवा_फिटर
धूळ ती धूळ हो काका. सोलायचं काम आहे.

सुरंगी
काय सोलायचंय, नारळ?

गावठी_इलाज
आमचे बाबा चिरेखाणीवर तीस वर्षं होते. रोज संध्याकाळी गुळाचा खडा. कधी खोकला नाही.

दर्यावर्दी
गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात. वाट एक नाही. नवा_फिटर, काय सोलतोयस ते सांग.

नवा_फिटर
बरं. जुनी बार्ज आहे, म्हणजे खनिज वाहणारी बोट, गोव्यातल्या खाणी बंद पडल्यापासून उभीच. इंजिनाच्या एक्झॉस्ट पाइपावरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टण, काढायचंय. वर पत्रा, त्याखाली पांढरं कापड आणि दोरी, आत चुन्यासारखा गिलावा. काल दोन फूट काढून पाहिलं. हातोडी मारली की खपल्या सुटतात. उरलेलं कॉम्प्रेसरची हवा मारून उडवलं. दारातून ऊन येत होतं त्यात ती धूळ बराच वेळ तरंगत होती, खाली बसतच नव्हती. मिशीत अडकली. आता तरी मास्क सांगाल का?

दर्यावर्दी
बार्ज कुठल्या सालची?

नवा_फिटर
१९८६. त्याचा काय संबंध?

दर्यावर्दी
संबंध तोच आहे. त्या काळात एक्झॉस्टवर ॲस्बेस्टॉसची दोरी आणि कापड सर्रास गुंडाळायचे. हे ग्लासवूलही असू शकेल, पण नजरेने कुणालाही सांगता येत नाही, मलाही नाही, आणि मी ३२ वर्षं इंजिनरूममध्ये काढलीत. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय हात लावू नकोस. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून फुफ्फुसात रुततात. फुफ्फुसाचा कॅन्सर किंवा फुफ्फुसावरच्या आवरणाचा, मेसोथेलिओमा, तो वीस-चाळीस वर्षांनी उगवतो. तोवर मुकादमही नसतो आणि बार्जही.

फोंडेकर_बापू
उगाच घाबरवू नका पोराला. खरा कॅन्सर तंबाखूचा.

दर्यावर्दी
बापू, तंबाखू आहेच. ॲस्बेस्टॉसमध्ये काम करून वर सिगारेट ओढली तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी पट वाढतो. एकाचं नाव घेऊन दुसऱ्याला सोडू नका.

मांडवीकाठ
मालकाकडे आयएचएम मागा, म्हणजे जहाजावरच्या घातक मालाची यादी. जहाजं तोडण्याबद्दलचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झालाय.

दर्यावर्दी
आयुष्यभर देशाच्याच पाण्यात फिरलेल्या जहाजाला तो करार लागू नाही. मांडवी-जुवारी नद्यांत खनिज ओढणाऱ्या बार्जची यादी कोण करून ठेवणार?

मांडवीकाठ
म्हणून मागूच नये का? आणि खाणी २०१२ मध्ये बंद केल्या नसत्या तर ही बार्ज सडली तरी असती का?

फोंडेकर_बापू
२०१२ नाही, २०१८. त्या वर्षी खाणींची ८८ लीज रद्द झाली.

मांडवीकाठ
आधी २०१२ लाही बंदच झाल्या होत्या. आमचे तीन ट्रक दारात उभे होते, मला काय सांगता!

सुरंगी
ट्रक दुसऱ्या धाग्यावर न्या. नवा_फिटर, कालचे कपडे कोणी धुतले?

नवा_फिटर
अजून धुतले नाहीत. बायकोने अंगणात झटकून दोरीवर टाकलेत, पोर तिथेच खेळत होतं.

सुरंगी
पुन्हा झटकू नका. पाण्याने भिजवून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, अंगणावरही पाणी मारा. झाडू नको. कारखान्यात पाऊल न ठेवलेल्या बायकांना नवऱ्याचे कपडे झटकून, धुऊन मेसोथेलिओमा झालाय, हे बाहेरच्या देशांत नोंदलेलं आहे. एका दिवसाने लगेच काही होतं असं नाही, धोका जितकी धूळ जाईल तितका वाढतो. म्हणून दुसरा दिवस होऊ देऊ नका.

आल्मेदावाडो
दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड काढलंय का? नूतनीकरण वेळेवर करा.

नवा_फिटर
ते कोणी विचारलं? गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) एक्सरे काढू का?

दर्यावर्दी
आजचा एक्सरे स्वच्छच येणार, त्यावर विसंबू नकोस. पण हे काम केल्याची नोंद कागदावर राहू दे. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं ठेवा, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय. आणि मालकाला म्हणावं, नमुना जाणकार माणसाकडून काढून घे. तू खरवडू नकोस. ॲस्बेस्टॉस निघालं तर ते ओलं करून, जागा बंद करून, शिकलेल्या माणसांनी काढायचं. कॉम्प्रेसरची हवा कधीच नाही. मास्क सगळ्यात शेवटी, तोही रबरी, पी-१०० म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा. दाढी असेल तर तोही चेहऱ्याला बसत नाही.

फोंडेकर_बापू
बार्ज काय कारखाना आहे का, तक्रार करायला?

दर्यावर्दी
जहाज बांधणं, दुरुस्त करणं, तोडणं हे १९४८ च्या कारखाने कायद्यातही कारखान्याचंच काम धरलं होतं, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या संहितेतही तसंच आहे. पणजीत आल्तिनोला कारखाने व बाष्पक (बॉयलर) निरीक्षकांचं ऑफिस आहे, तिथे जा.

नवा_फिटर
मुकादमाला फोन केला. म्हणाला, "तू नाही तर दुसरा येईल." सोबतच्या दोघांना, हेल्पर पोरांना, हा धागा वाचून दाखवला. सोमवारी तिघंही आल्तिनोला जातोय, बार्जवर नाही. कपडे भिजवून पिशवीत बांधलेत. दाढी काढली.

तो रबरी मास्क कुठे मिळतो ते मात्र अजून कोणी सांगितलं नाही.